एका अंगाची धार

नामक्कल
१९ जानेवारी २०२५

ती. ठकुआत्यास,

इंद्रजितचा नमस्कार. पत्रात थोरल्या माणसाला 'तुमी' लिवायचं असं शाळेत शिकवलं व्हतं, म्हणून तुमी लिवतोय. तोंडानं कधी म्हणलं नव्हतं. फोन लावला की माजा आवाज ऐकून तुमी मोबाईल नूतनच्या हातात देता. तीच म्हणली, "दादा, पत्र धाड. पत्र काय आईला कट करता येत न्हाई. मी ती जेवाय बसली की वाचून दाखवीन, तोंडात घास असला की वरडता बी येत न्हाई." म्हणून ह्यो कागद. आठवीपतूरचं अक्षर हाय, नूतननं सांभाळून घ्यावं.

कापूरहोळचा शफीभाई परवा हितं तमिळनाडूत आला व्हता. कांदा उतरवला आन् ट्रकचा मागचा फाळका निखळला व्हता म्हणून आमच्याच वर्कशॉपला गाडी लावली. मला बघून खाली उतरला, ड्यासबोर्डवरनं एक फडक्याची गुंडाळी काढली. म्या हात पुढं केला तर त्यानं आपला हात मागं घेतला.

"हातात द्यायचं न्हाई. ठकुबाईनं बजावलंय."

गुंडाळी बंपरवर ठेवली, दोन पावलं मागं सरकला आन् म्हणला, "आता उचल."

उघडून बघतो तर तुमचा घडीचा चाकू. कलमं बांधायचा. तीच पितळी खीळ, मुठीच्या लाकडाला तुमच्या आंगठ्यानं पडलेला तोच खळगा. पर धार? त्या चाकूनं पाव सुदिक कापला नसता.

म्हणलं, "शफीभाई, निरोप काय?"

"निरोप न्हाई."

"आरं, कायतरी म्हणली असंल की."

"म्हणली की. हातात देऊ नको, म्हणली."

आत्या, खरं सांगतो, माजं डोकं फिरलं. वाटलं, चाकू धाडला म्हंजे नातं कापलं. जे एक हत्यार जल्मात मला शिवू दिलं न्हाई, ते बोथट करून मोडीत टाकल्यागत माज्याकडं टाकलं. शफीभाईला तसं बोललो तर त्यो चहाचा गिलास घेऊन हसाय लागला. "येड्या, चाकू हातात दिला की दोघांत भांडण व्हतं, ही तुमच्याकडची रीत मला ठावं हाय आन् तुला न्हाई? तिला भांडायचंच असतं तर खाली कशाला ठेवाय लावला असता?"

मला ते पटलं न्हाई. आजून पटलेलं न्हाई.

वरव्याच्या नर्सरीत तुमच्या हाताखाली म्या पिशव्या भरल्या, माती चाळली, कलमाला पट्टी गुंडाळली. सगळी वर्सं तेच. काप घ्यायचा आला की तुमी म्हणायचा, "ज्याला धार लावता येत न्हाई त्यानं चाकूला हात लावायचा न्हाई." एकदा तुमची पाठ वळली तवा हिरीवरच्या काळ्या दगडावर घासाय बसलो, तर मागनं आवाज आला, "इंद्या, म्हशीची शिंगं तासतोस व्हय रं?" सगळ्या बाया हसल्या. त्या आजून माज्या कानात हसत्यात.

तवा ह्यो चाकू माज्याकडं का आला, त्ये कळवा. मोडीत काढायचा असंल तर तसं सांगा. हितं भंगारवाला रोज येतो.

आपला,
इंद्रजित


नामक्कल
२ मार्च २०२५

ती. आत्यास,

तुमचं उत्तर न्हाई. नूतन म्हणते, पत्र वाचलं, भंगारवाल्याच्या वाक्याला तुमी भाकरी खाली ठेवली. मग भंगारात काय दिला न्हाई म्या. काय केलं ते लिवतो.

आमच्या हितं ट्रकाच्या क्याबिनी रंगवत्यात. आधी पुटी भरायची, मग वॉटरपेपर पाण्यात भिजवून घासायचं, की हात फिरवला तर शिवण लागू नये. माजं काम तेच, घासायचं. काचपेपर लाकडाला, वॉटरपेपर पत्र्याला. वापरलेलं तुकडं हितं पायाखाली पडल्यालं असत्यात. एका आयतवारी बसलो आन् म्हणलं, दगुड न्हाई तर न्हाई, कागद तर हाय.

पहिल्यांदा लाकडाच्या ठोकळ्यावर कागद गुंडाळून घासला. आमच्या ठोकळ्याला खाली रबर असतंय. कागद त्यात दबायचा, चाकू पुढं गेला की कडेपाशी वर उचलायचा आन् उलट कडच गोल करायचा. दुपारभर घासून चाकू व्हता त्याच्यापेक्षा बोथट झाला. हितं एक सेल्वम म्हणून रंगारी हाय, माज्या दुप्पट वयाचा. त्याला माजी भाषा येत न्हाई, मला त्याची येत न्हाई. त्यानं बघितलं, कपाळाला हात लावला, भंगारातनं क्याबिनीच्या खिडकीची एक काच आणली, तिच्यावर पाणी शिंपडलं आन् कागद वर चिकटवला. काच दबत न्हाई. मग माजं मनगट धरून म्हणला, "मेदुवा, मेदुवा." म्हंजे हळू. तेवढा एक शबुद म्या त्यांच्या भाषेतला पक्का शिकलोय.

आत्या, हात मोकळा ठेवून धार लावणं लई वंगाळ काम हाय. कशाचा टेकू न्हाई, साचा न्हाई. चाकू किती तिरपा धरायचा हे बोटांनीच ध्यानात ठेवायचं. मी घाई केली की मनगट हलायचं, मनगट हललं की उतार बदलायचा. सेल्वमनं आणखी एक सांगितलं, खुणेनंच. मार्करच्या काळ्या शाईनं धारेचा उतार रंगवायचा, मग कागदावर दोनचार घासे द्यायचे आन् बघायचं शाई कुठली गेली. कडेची ऱ्हायली म्हंजे चाकू लईच आडवा धरलास. नुसती कडेचीच गेली म्हंजे लई उभा धरलास. शाई खोटं बोलत न्हाई. आन् धार पुढं करून ढकलायचं न्हाई, कागद फाटतो. जाड कड पुढं करून वढायचं.

नीट लागाय लागलं की आवाज बदलतो. आधी खरखर, मग शी-शी असा, तव्यावर पाण्याचा थेंब फिरावा तसा. आन् दुसऱ्या अंगाला आंगठा फिरवला की तारेगत एक बारीक कड लागती. ती लागली म्हंजे धार पार झाली. मग पलटायचं आन् दुसरं अंग तसंच घासायचं. आधी खरबरीत तीनशेवीसचा कागद, मग सहाशेचा, मग बारीक हजारचा, शेवटी कमरेच्या चामडी पट्ट्यावर.

कालच्याला हातावरची लव उडाली! साबण न्हाई, पाणी न्हाई. सेल्वमनं वर्तमानपत्राचं पान हवेत धरलं, चाकू त्यातनं आवाज न करता गेला. सगळं वर्कशॉप गोळा झालं व्हतं. मला वाटलं, वरव्याच्या बाया हितं असायला पायजे व्हत्या.

शफीभाई उद्या निघतोय. त्याच्याकडं कडुलिंबाची एक काडी देतोय. तुमी घेता तसाच दोन्हीकडनं काप घेऊन पाचर केलीय, खालच्या खुंटाला चीर देऊन तीत बसवलीय, दोरा बांधलाय. दोरा सोडा आन् बघा. आता सांगा म्हशीची शिंगं.

इंद्रजित


नामक्कल
११ एप्रिल २०२५

आत्ये,

आता तुमी-बिमी जमणार न्हाई मला.

शफीभाईनं माजीच काडी परत आणली. दोरा सोडलेला. पाचर जिथल्या तिथं बसवलेली आन् पाचर आन् खुंटाच्या मधनं आरपार एक पांढरा केस घातलेला. तुज्या डोक्याचा. चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. शफीभाई म्हणला, "तिनं केस उपटला, घातला, हिकडनं वढला तिकडनं वढला, आन् म्हणली, ने."

दोन दिवस रागानं नुसत्या क्याबिनी घासल्या. हातावरची लव उडती, कागद कापतो, आन् ह्या बाईला एवढंसं सुदिक कौतिक न्हाई! गुंडाळी करून चाकू पेटीच्या तळाशी टाकला. मनात आलं, आजच्या आज सेलमला जाऊन मिळंल त्या गाडीत बसावं, कुठं बी जावं. माजी सवय तुला ठावं हाय. भांडण झालं की मी कापूरहोळच्या फाट्यावर असतो. पर हितं भांडाय समोर कोण नव्हतं. एका केसाशी किती भांडणार?

मग तिसऱ्या दिवशी काडी उनात धरली. पाचर आन् खुंट भिडल्यात असं नुसतं वाटतं, मधनं उजेडाची रेघ दिसती. कडेला भिडल्यात, मधी न्हाई. म्हंजे माज्या कापाला खळगा पडलाय. आता धार एवढी लागल्याली आन् काप सपाट का येऊ नये? चाकू काढला, काचेवर पाठीवर, म्हंजे पात्याच्या मागल्या अंगावर, आडवा ठेवला. बोटानं एक कड दाबली तर दुसरी उचलली. डुलला. पाळण्यागत डुलला.

तवा डोस्क्यात उजेड पडला. आत्ये, तुज्या चाकूला एकाच अंगानं धार हाय. दुसरं अंग सपाट, काचेगत सपाट. तेच अंग लाकडावर टेकून तू वढायचीस, म्हणून तुजा काप सरळ यायचा. आन् म्या काय केलं? सेल्वमच्या भाजीच्या चाकूला दोन्ही अंगानं धार, मोबाईलवरच्या व्हिडिओत दोन्ही अंगानं धार, तवा म्या तुज्या चाकूची पाठ बी तिरकी घासून गोल केली. जेवढी मेहनत केली तेवढं वाटोळं केलं.

राग येईल तर येऊंदे, पर एक विचारतो. इतकी वर्सं तुज्या शेजारी बसलो, पर त्यो चाकू उलटा करून त्याची पाठ एकदा बी बघितली न्हाई म्या. तू हातातच दिला न्हाईस तर बघणार कशी? ही चूक निम्मी माजी, निम्मी तुजी. नूतन, हे वाचायला घाबरू नको. वाच.

आता पाठ परत सपाट करायची. सगळी पाठ शाईनं काळी करतो, काचेवरच्या कागदावर पूर्ण आडवी टेकवतो, दोन बोटं वरनं दाबून घासतो. पहिल्या दिवशी मधली शाई गेली, धारेपाशी काळी पट्टी ऱ्हायली. ती पट्टी जाईपतूर घासायचं, दुसरा उपाव न्हाई. रोज सुटी झाल्यावर बसतो. पट्टी केसाकेसानं कमी व्हती. पर पातं बी कमी व्हतंय आत्ये. तू आधीच घासघासून त्याचं लिंबाच्या पानाएवढं ठेवलंयस. मला भ्या वाटतं, पाठ सपाट व्हायच्या आधी पातंच संपंल.

इंद्या


नामक्कल
२५ मे २०२५

आत्ये,

अक्षर वाकडं आलंय कारण चालत्या गाडीत बसून लिवतोय. बाकी हितं सगळं ब्येस हाय. जेवण झ्याक. तब्बेत झ्याक.

नूतनचा फोन आला व्हता. म्हणली, खोबऱ्या आंब्याचा शेंडा वाळला. खोडाला भोकं पडल्यात, खाली भुसा सांडतो, अळीनं आतनं पोखारलाय. वळवाच्या वाऱ्यानं मधली फांदी गेली, आता वढ्याच्या अंगाची एकच फांदी हिरवी हाय. ह्या सालाचा पावसाळा काढंल, पुढं न्हाई.

विंझरच्या बांधावरचा खोबऱ्या म्हंजे आमच्या बाची तेवढी एकच वस्तू माज्या ध्यानात हाय. बाचं तोंड आठवत न्हाई, आंबा आठवतो. पांढरट गर, चोखला की खोबरं खाल्ल्यागत दाताखाली यायचा. लोक नाकं मुरडायची, तू म्हणायचीस माज्या भावाला आवडायचा. इतक्या लोकांच्या दारात केशराची कलमं बांधलीस, खोबऱ्याचं एक बी बांधलं न्हाईस. म्हणायचीस, "झाड काय पळून चाललंय?"

नूतन आणखी एक म्हणली. तू भाकरी थापताना उजवा आंगठा वर धरतीस. सांधा सुजलाय, दाबलं की कळ डोळ्यापतूर जाती. डॉक्टर म्हणला आता असाच ऱ्हायचा. नूतनला म्या विचारलं, कवापासनं? म्हणली, दसऱ्यापासनं.

आत्ये, चाकू मला संक्रांतीच्या टायमाला आला.

मी समजत व्हतो, मला खिजवायला तू बोथट करून धाडलास. त्यो बोथट करून धाडला नव्हतास. तुजा आंगठा दाबलाच जात नव्हता, तुज्याच्यानं धारच लागत नव्हती. व्हय का न्हाई?

हे तू मला सांगितलं असतंस तर मी पहिल्या गाडीनं आलो असतो. आन् आलो असतो तर धार लावता येत नसती. हे बी खरं.

आता माजं बी सांगतो. गाडीबिडी काय चालू न्हाई, वर्कशॉपच्या पायरीवर बसलोय. डाव्या हातानं लिवतोय. पाठ घासताना बोटं सटाकली, उजव्या आंगठ्याला टाके पडल्यात. घाबरू नको, हलतो. सेल्वम म्हणतो मेदुवा. आंगठा न लावता एक दिवस शर्टाची बटनं लावून बघितली तवा कळलं, तू दसऱ्यापासनं काय करतीयस.

पाठ सपाट व्हत आलीय. धारेपाशी नखाएवढी शाई ऱ्हायलीय.

इंद्या


नामक्कल
२७ जुलै २०२५

आत्ये,

आज शाई गेली, असं मागल्या म्हैन्यात लिवलं असतं, पर म्हणलं आधी काप घेऊन बघू. शफीभाईकडं धाडलेली आंब्याची काडी तुला पोचली. हितल्या एका आंब्याची घेतली व्हती. एकेका अंगाला एकच वढ, परत हात लावला न्हाई. तू म्हणायचीस तसा काप वल्या आरशागत चमकला. बांधायच्या आधी म्या बी एक केस घालून बघितला, माज्या डोक्याचा. गेला न्हाई. माजा केस जाड असतोय म्हणून सेल्वमच्या पोरीचा मागून आणला. त्यो बी गेला न्हाई. पर तुज्या केसाशिवाय माजं समाधान नव्हतं.

आज शफीभाई आला. म्या लांबनंच वरडलो, "परत आणली का?"

"न्हाई."

"केस?"

"केस बी न्हाई. बसली, दोरा सोडला, केस उपटला, घालून बघितला. मग चष्मा लावून बघितला. मग काडी चुलीमागं फळीवर ठेवली आन् म्हणली, 'शफी, उद्या नेयाला काय देते ते घेऊन जा.' दुसऱ्या दिवशी नूतननं ही पिशवी दिली."

पिशवीत पानं व्हती. आंब्याची. वल्या फडक्यात गुंडाळून तीन दिवस आलेली, तरी टवटवीत. एक मोडलं, वास घेतला. खोबऱ्याची. बाकीची लोकं हसत व्हती, म्हणत असतील ह्याच्या घरच्यांनी तोरणाला पानं धाडली. म्या एक पान उलटं करून देठ बघितला, तर देठच न्हाई. सगळ्या पानांची तीच गत. देठ झाडावर ठेवून नुसतं पान कापलेलं.

आत्ये, म्या पिशव्या भरल्या असतील, पर डोळं काय मिटलेलं नव्हतं. काडी तयार करायची असली की आधी तिची पानं खुडायची, देठ तसाच ठेवायचा. मग आठधा दिवसांत देठ आपसूक गळत्यात, कोंबाचं डोळं फुगत्यात आन् काडी खुंटात भरायला तयार व्हती. त्याच्या पुढं थांबलं की डोळं फुटत्यात, काडी वाया. तुज्या झाडाला एकच फांदी. तू तिची पानं खुडलीस. म्हंजे आता परत फिरणं न्हाई. कुणीतरी त्या काड्या आठवड्याच्या आत कापायच्या. तुजा आंगठा चालत न्हाई. चाकू माज्याकडं हाय.

फोनवर एवढंच 'ये' म्हणली असतीस तर तुजं काय गेलं असतं?

न्हाई, नको म्हणू. मला पानंच बरी वाटली.

मालकाला सांगितलं, तर म्हणला, दिवाळीच्या आधी द्यायच्या क्याबिनी रखडल्यात, आता गेलास तर जागा ठेवणार न्हाई. नको ठेवू म्हणलं. सेल्वमला सांगायला गेलो, त्यानं नुसती माजी उजवी बाही वर केली, टाक्यांची जागा बघितली आन् कागदाचे तुकडे माज्या पिशवीत कोंबले. हजारचे, दोन हजारचे. जाताना त्याचाच शबुद म्या त्याला म्हणलो. हसला.

शफीभाई उद्या सकाळी निघतोय. हे पत्र मी पोस्टात टाकत न्हाई, माज्याच खिशात येतंय. म्हंजे पत्र आन् मी संगच पोचू. आधी कोण वाचायचं ते नूतननं ठरवावं.

इंद्या


विंझर
९ ऑगस्ट २०२५

आत्ये,

एकाच छपराखाली ऱ्हाऊन पत्र लिवायची येळ आली. काय करू, परवापासनं तोंड उघडलं की तू पातेलं आपटतीस. आता तू वरव्याला गेलीयस, नूतन नसरापूरला मेडिकलवर गेलीय. ही चिठ्ठी पाटावर ठेवतो. रातच्याला ती वाचंल, तू जेव.

आधी जे झालं ते लिवतो. तुला ठावं हाय, तरी लिवतो, कारण माज्या बाजूनं तू ऐकलेलं न्हाई.

आलो तवा तू पडवीत बसली व्हतीस. "आलास?" म्हणली न्हाईस. "वाळलास," म्हणलीस. म्या चाकू खिशातनं काढला आन् रीतीप्रमाणं तुज्या म्होरं भुईवर ठेवला. तू उचललास. घडी उघडली. धारेकडं बघितलं बी न्हाई, सरळ पलटला, पाठ उजेडाकडं केलीस, नखानं वरनं खालपतूर चाचपलीस. मग शेजारच्या काचेच्या फोटोवर आडवा टेकवलास. डुलला न्हाई.

"लई घासलास. पातं निम्मं केलंस माजं."

"तू बी तेच केलं व्हतंस की."

नूतननं तोंडावर हात ठेवला. तू चाकू मिटलास आन् मूठ माज्याकडं करून पुढं धरलास. म्या भुईकडं बघितलं, वाटलं ठेवशील. तू ठेवलास न्हाई.

म्हणलं, "आत्ये, हातात?"

"घे. भांडान व्हायचं ते व्हऊंदे. भांडाय बी माणूस समोर लागतंय."

म्या घेतला. तुजी बोटं गार व्हती.

मग खोबऱ्याखाली गेलो. फांदीवर देठ गळलेलं, डोळं फुगलेलं, बरोबर टायमाला. तू दगडावर बसून नुसती बघत व्हतीस. पहिल्या काडीला म्या नुसत्या मनगटानं काप वढला, तवा तू म्हणलीस, "हात न्हाई, खांदा वढ." तेवढंच. तिसऱ्या काडीला मान वळवून वढ्याकडं बघाय लागलीस. तुजी मान वळली तवा मला कळलं, काप बरा येतोय. मी कापत गेलो, नूतन पट्टी बांधत गेली, वरव्याहून पिशव्यांत आणलेले सगळे खुंट भरले. ज्याला बाची वस्तू म्हणायचो ती आता पिशव्यांत रांगेनं उभी हाय. लागली तर. हिरवी ऱ्हाते का काळी पडती ते पंधरवड्यानं कळंल.

आन् मग परवा भांडण झालं. व्हणारच व्हतं, तू हातात दिला व्हतास.

म्या म्हणलं, पिशव्या पडवीत ठेवू, ऊन बेताचं लागंल. तू म्हणलीस, गोठ्याच्या आडोशाला. म्या म्हणलं, गोठ्यात वारा न्हाई. तू म्हणलीस, चार काड्या कापल्या आन् मला शिकवाय लागला. मी म्हणलं, तू शिकवलं असतंस तर मला मद्रासी माणसाकडनं खुणेनं शिकावं लागलं नसतं. आज दुपारी तेच परत निघालं, तवा तू म्हणलीस, "मग जा तिकडंच! कापूरहोळचा फाटा कुठं हाय, तुला सांगाय नको!"

मी पिशवी उचलली. तू बघितलंस. मी वाटेला लागलो, तू दार लावलंस. इथपतूर तुला ठावं हाय.

तिथनं पुढचं सांगतो. थांब्यावर जाऊन हुबा ऱ्हायलो. खिशात हात घातला तर चाकू. म्हणलं, घ्या, परत आपल्याकडंच. एवढ्यात वेल्ह्याकडनं एसटी आली. रिकामीच व्हती, खिडकीची जागा बी मोकळी. पाय आपसूक पायरीकडं गेला, सवयच हाय त्याला. मग ध्यानात आलं, दुपारपासनं काड्यांवर पाणी शिंपडलेलं न्हाई. तुज्या आंगठ्यानं पंप दाबला जात न्हाई. नूतन राती येणार.

कंडक्टर दारात घंटीची दोरी धरून म्हणला, "येताय का राव? का नुसतं बघताय?"

म्हणलं, "न्हाई, तुमी जावा. आमचं घरी भांडण चालू हाय, अर्ध्यात सोडून कसं येऊ?"

त्यानं घंटी मारली. मी माघारी आलो, मागल्या दारानं. पिशव्या पडवीत न्हाईत आन् गोठ्यात बी न्हाईत, हिरीच्या अंगाला जांभळीखाली ठेवल्यात. तितं वारा बी हाय आन् सावली बी. पटत नसंल तर भांड. मी हितंच हाय.

नूतन, पुढच्या येळंला येताना नसरापूरच्या हार्डवेअरमधनं हजारचा वॉटरपेपर आण. सेल्वमचा संपत आला.

इंद्या